सँटोरिनी ऑक्टोबरात: गर्दी टाळून बघता येतं का?

खिडकीची_सीट

मंडळी, यंदा दिवाळी नोव्हेंबरात गेली, म्हणून दसरा घरी करून लगेच रजा टाकायची आणि ग्रीस गाठायचं असं ठरलंय. मी, नवरा, अकरावीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र आम्हा तिघांना पुरून उरेल इतका. अथेन्स पक्कं. घोडं अडलंय ते सँटोरिनीपाशी.

लेकीला तिथेच जायचंय, कारण तिच्या फोनमध्ये दुसरं काही दिसतच नाही. नवऱ्याचं म्हणणं, गणपतीतला लक्ष्मी रस्ता बघायला एवढे पैसे घालायचे तर पुण्यात काय वाईट आहे? तिथल्या ओइया गावाच्या गल्लीत लोक खांद्याला खांदा लावून उभे असल्याचे फोटो त्याने जमवून ठेवलेत आणि जेवताना दाखवतो.

तर ऑक्टोबरात खरंच गर्दी ओसरते का, की 'ऑफ सीझन' ही ट्रॅव्हलवाल्यांची थाप आहे? तोवर सगळं बंद होतं असंही एक मैत्रीण म्हणाली. त्यापेक्षा दुसरं एखादं बेट धरावं का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. न गेलेलेही लिहितीलच, इथे ते चालतं.

तिरकीटधा

गर्दी टाळायची असेल तर गर्दीच्या ठिकाणी जाऊ नये. प्रश्न सुटला, धागा बंद करा.

उन्हातली_पायवाट

तिरकीटधा, तुमच्या प्रतिसादाने इथली गर्दी मात्र एकाने वाढली.

आम्ही दोघं ऑक्टोबरच्या मध्याला जाऊन आलो. सप्टेंबरला कोणी ऑफ सीझन म्हणत असेल तर हसून सोडून द्या. सप्टेंबर तिथे जवळजवळ ऑगस्टच असतो, फक्त ऊन जरा माणसात येतं आणि उत्तरेकडचा तो भणाणता वारा पडतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही माणूस भरपूर. खरा उतार लागतो तो वीस तारखेच्या पुढे. पण माझ्या मते महिन्याइतकंच घड्याळ महत्त्वाचं आहे.

इथली गर्दी बेटभर सारखी नसते. ती फिरा आणि ओइया या दोन गावांत असते आणि तिथेही कड्याच्या काठाने जाणाऱ्या मुख्य गल्लीत. क्रूझवाले सकाळी उतरतात, त्यांच्या बसेस दिवसभर ओइया आणि फिरा करत असतात, संध्याकाळी सगळे रोपवेने खाली. आम्ही सकाळी सातला ओइयात पोचलो तेव्हा गल्लीत मांजरं, पायऱ्या झाडणारा एक माणूस आणि भिजलेला संगमरवर. निळ्या घुमटांचा तो फोटोतला कोपरा पूर्ण रिकामा. तिथेच साडेदहाला परत आलो तर फोटोसाठी चक्क रांग लागलेली, आणि पुढचीने तिसऱ्यांदा ओढणी उडवली की मागचे घसा खाकरतायत.

म्हणून दिवस उलटा लावायचा. सकाळी काठावरची गावं, दहानंतर दक्षिणेकडे पळायचं: आक्रोतिरीचं उत्खनन, पिर्गोस, मेगालोहोरी, एम्पोरिओ. एम्पोरिओच्या जुन्या तटबंदी वस्तीत भर दुपारी आम्हाला माणूस भेटला तो एकच, वाळत घातलेले कपडे काढणारी आजी. तिने "यासास" म्हटलं आणि दार लावून घेतलं. घरं तशीच पांढरी, गल्ल्या तशाच वळणाच्या, फक्त कड्यावरून समुद्र दिसत नाही म्हणून कोणी येत नाही.

सूर्यास्ताला ओइया नकोच. त्या पडक्या किल्ल्यावर लोक दोन-दोन तास आधी जागा धरून बसतात आणि बुडाला रे बुडाला की सगळे एकदम बस स्टॉपवर. आम्ही आक्रोतिरीच्या दीपगृहाकडे जायचो. तिथेही चार माणसं असतात, पण खडक पुष्कळ आहेत, आपापला खडक धरून बसायचं. पिर्गोसच्या टोकावरून तर सगळं बेट एका नजरेत येतं.

तिरकीटधा

सकाळी सातला ओइयात म्हणजे पाच-साडेपाचला उठायचं. सुट्टी आहे की दहावीचं वर्ष?

खिडकीची_सीट

आमची लेक रविवारी अकराला उठते हे सांगायचं राहिलं. पण फोटोसाठी उठेल, माझी खात्री आहे.

खारा_वारा

मी जहाजावर नोकरीला, ग्रीक मालकाच्या कंपनीत, त्यामुळे पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, येणं-जाणं असतं. क्रूझचं थोडं सांगतो, कारण तिथे गर्दीचं गणित सगळं त्यावर चालतं.

ज्याला लोक सँटोरिनीची खाडी समजतात तो ज्वालामुखीचा कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेला खड्डा आहे आणि तो काही ठिकाणी जवळजवळ ४०० मीटर खोल आहे. नांगर टाकायची सोयच नाही. मोठी जहाजं बोयाला बांधून राहतात नाहीतर इंजिनांवर जागा धरून. माणसं छोट्या बोटींनी फिराखालच्या जुन्या बंदरात. तिथून वर यायला तीनच वाटा: रोपवे, ५८८ पायऱ्या किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. म्हणजे हजारो माणसं एका नळीतून वर चढतात आणि दुपारनंतर त्याच नळीतून खाली उतरतात. तीन जहाजं एका दिवशी आली की फिराचं काय होत असेल ते समजून घ्या.

२०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादा घातली आहे. त्याआधी ऐन मोसमात आकडा याच्या बराच वर जायचा, आणि बेटाची स्वतःची वस्ती पंधरा हजारांच्या घरात. २०२५ च्या जुलैपासून क्रूझवाल्यांवर माणशी शुल्कही आहे. सँटोरिनी आणि मायकोनोस या बेटांना जून ते सप्टेंबर २० युरो, ऑक्टोबरात १२, नोव्हेंबर ते मार्च ४. कुठल्या तारखेला कोणती जहाजं येणार ते बरंच आधी इंटरनेटवर लागतं. तारखा ठरवण्याआधी ते बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही एखाद्या दिवशी दोन-तीन मोठी जहाजं असतात आणि दुसऱ्या दिवशी एकही नसतं. जहाज नसलेला दिवस ओइयासाठी ठेवायचा.

अवांतर: २००७ च्या एप्रिलमध्ये सी डायमंड नावाची क्रूझ याच कॅल्डेरात खडकाला लागून बुडाली. अजून तळाशीच आहे.

मीठभाकर

सगळ्यांच्या विरोधात लिहितोय, दिवे घ्या.

पाचला उठा, जहाजांचं वेळापत्रक पाठ करा, दहाला दक्षिणेला पळा, सूर्यास्त दुसरीकडे बघा. अहो, ही सुट्टी आहे की गनिमी कावा? एवढी लपाछपी करून जे बघायचं त्यापेक्षा नाक्सोसला जा. तिथून सँटोरिनी बोटीने दोन तासांच्या आसपास. बंदरात शिरतानाच पोर्तारा दिसतो, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, इ. स. पू. सहाव्या शतकातला. देऊळ कधी झालंच नाही, चौकट तेवढी उभी. आत डोंगरात आपिरांथोससारखी गावं आहेत, गल्ल्यांना संगमरवराची फरशी. झास शिखर हजार मीटरच्या वर, सिक्लाडीस बेटांमधलं सगळ्यात उंच. बटाटे आणि चीज स्वतःचं. बेट शेतीवर जगतं, त्यामुळे पाहुणे गेले तरी गाव बंद होत नाही. ऑक्टोबरात सँटोरिनीची हॉटेलं खुर्च्या गुंडाळत असतात, नाक्सोसचे लोक आपल्या कामाला लागलेले असतात. हा फरक मोठा आहे.

आणि समुद्रात डुंबायचं असेल तर सँटोरिनीचे किनारे काळ्या खड्यांचे. नाक्सोसला वाळू आहे.

इरसाल_नमुना

मीठभाकर यांना +१. फक्त तुम्ही सगळे हे लिहिताय म्हणून पुढच्या वर्षी नाक्सोसला गर्दी होणार.

बेसाल्टप्रेमी

मीठभाकर, नाक्सोस सुंदर आहे, वाद नाही. पण कॅल्डेरा नाक्सोसला नाही, आणि पांढरी घरं बाजूला ठेवा, बघायचा आहे तो कॅल्डेराच.

इ. स. पू. १६०० च्या सुमारास हा ज्वालामुखी फुटला, पोटातलं सगळं बाहेर गेलं आणि वरचं छप्पर खाली बसलं. समुद्र आत शिरला. आज आपण ज्या कड्यावर कॉफी पितो ती त्या खड्ड्याची कड. फिराच्या खाली कड्यात थर बघा: काळा, विटकरी, राखाडी, आणि सगळ्यात वर प्यूमिसचा, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचा, जाड पांढरा पट्टा. तो पट्टा त्या एका स्फोटाचा. अथिनिओस बंदरावरून बस वर चढताना हाताच्या अंतरावर दिसतो, उजवीडावी सोडा, खिडकी धरा. मधली काळी बेटं, नेआ कामेनी आणि पालेआ कामेनी, नंतर वर आलेली. शेवटचा उद्रेक १९५० चा.

आळशी_कासव

म्हणजे आपल्या लोणारसारखंच ना?

बेसाल्टप्रेमी

नाही हो. लोणार उल्कापाताने झालं, वरून खाली. हे खालून वर. आणि आपला सह्याद्रीचा लाव्हा भेगांमधून थरावर थर पसरत गेला, असा एकदम फुटला नाही. दख्खनच्या कातळावर वाढलेल्या माणसाने तर हा दुसरा प्रकार बघायलाच हवा.

खिडकीची_सीट

धागा छान रंगलाय! नवरा आता 'पोटातलं सगळं बाहेर गेलं' हे वाक्य घेऊन बसलाय. दोन प्रश्न. २०२५ च्या सुरुवातीला तिथे भूकंप झाले होते ना? आणि सासूबाईंचं कसं करायचं? पायऱ्या ऐकून त्या "मी हॉटेलात जप करीन" म्हणाल्या, म्हणजे त्यांना राग आलाय.

बेसाल्टप्रेमी

फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनी आणि आमोर्गोस यांच्या मधल्या समुद्राखाली हजारो धक्के बसले, मोठा ५.३ चा. शाळा बंद, हजारो लोक बेट सोडून गेले. नंतर धक्के ओसरले आणि उन्हाळ्यात पाहुणे परत आले. सरकारी यंत्रणांचं लक्ष असतं. भूकंपाचा प्रदेश आहेच, १९५६ च्या मोठ्या भूकंपात ओइया आणि बाकीची गावं बरीच पडली होती. निघण्याआधी बातम्या बघा, याहून जास्त काय सांगणार.

आज्जी_ऑनलाइन

सासूबाईंच्या बाजूने मी लिहिते, वय वर्षं ७१, उजवा गुडघा बदललेला.

बाळ, फोटोतली ती गुहेतली हॉटेलं अजिबात घेऊ नका. खोलीत शिरायला चाळीस पायऱ्या खाली आणि नाश्त्याला चाळीस पायऱ्या वर. आम्ही कामारीला राहिलो होतो, समुद्रकाठी. सपाट रस्ता, संध्याकाळी पाय मोकळे करायला लांब फरसबंदी, खोलीचं भाडं काठावरच्या हॉटेलाच्या निम्म्याहून कमी. बसने फिरा थोडक्यात. पेरिसाही तसंच सपाट.

मला सगळ्यात आवडलं ते आक्रोतिरी. वर मोठं छप्पर आहे, आत लाकडी वाटा, ऊन नाही, पाऊस नाही, चढउतार फार नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची दुमजली-तिमजली घरं, खिडक्या, रांजण जागच्या जागी, आणि वरच्या मजल्यावरून खाली गटाराला जोडलेला संडास! आमच्या लहानपणी वाड्यात हे नव्हतं. १९६७ साली स्पिरिडॉन मारिनातोस यांनी खणायला सुरुवात केली. सापळे सापडले नाहीत, म्हणजे लोक आधीच बाहेर पडले असणार. मला त्याचं फार बरं वाटलं.

दगडी जिन्याच्या पायऱ्या धक्क्यांनी मधोमध तुटलेल्या आहेत, सगळ्या एका रेषेत. तेवढं न विसरता बघायला सांगा सासूबाईंना. आणि काठी घेऊन जाऊ द्या, लाज कसली.

उन्हातली_पायवाट

आज्जी, दंडवत. एक भर: तिथली भित्तिचित्रं मूळ जागी नाहीत. काही फिराच्या प्रागैतिहासिक संग्रहालयात, काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. अथेन्सला मुष्टियुद्ध खेळणारी दोन मुलं आणि लिलीच्या फुलांवर उडणाऱ्या पाकोळ्या. फिराला निळी माकडं. ही माकडं आपल्याकडच्या हनुमान लंगुरासारखी दिसतात असं काही अभ्यासकांनी मांडलंय. शेपटीचा बाक बघा, पटतं.

वैदर्भीण

माकडं राहू द्या, खायचं काय ते सांगा. शाकाहारी आहेत का घरी?

खिडकीची_सीट

सासूबाई पक्क्या. बाकी आम्ही पडेल ते.

वैदर्भीण

मग काही अडचण नाही. तोमातोकेफ्तेदेस म्हणून टोमॅटोची भजी मिळतात, बेटावरच्या इवल्याशा कोरडवाहू टोमॅटोची. आंबट-गोड एकदम, पुदिना घातलेली. कांदा असतो. पालक भरलेला भाजलेला 'पाय' (इंग्रजीतला pie), भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, मोठे पावटे टोमॅटोच्या रश्शात. 'निस्तीसिमो' असं विचारा, म्हणजे त्यांच्या उपासाचं, मांस-दूध-अंडं नसलेलं. त्यात कधीकधी कोळंबी चालते त्यांना, तेवढं बघून घ्या!

आता मुख्य गोष्ट. सँटोरिनीचा 'फावा' म्हणजे पिवळं वरण घोटून घट्ट केलेलं, वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा, केपर. पहिल्या घासाला मला आमच्या भंडाऱ्याच्या घरची लाखोळीची डाळ आठवली. नंतर वाचलं तर खरंच लाखोळीच्याच कुळातलं कडधान्य आहे, लॅथिरस, फक्त जात वेगळी. आक्रोतिरीच्या उत्खननातही त्याचे दाणे मिळालेत. त्यांनी त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळवलं आणि छोट्या पिशव्यांत महाग विकतात. आमच्याकडे धानाच्या बांधीत ओलाव्यावर येणाऱ्या लाखोळीच्या विक्रीवर वर्षानुवर्षं बंदी होती. दुष्काळात नुसतं तेच खाऊन पाय लुळे पडायचे म्हणून. कारण खरं होतं, पण नशीब बघा दोघींचं.

तिरकीटधा

म्हणजे ग्रीसला जाऊन वरण खायचं. पाचला उठून.

द्राक्षबाग_नाशिक

वैदर्भीणताई, डाळीवरून शेतीकडे आलातच तर मी दोन शब्द टाकतो. मी गेलेलो नाही आणि जाणारही नाही, ऑक्टोबर छाटणी सोडून कुठला द्राक्षवाला हिंडायला जाईल? पण भाचा जाऊन आला, त्याने वेलींचे फोटो पाठवले आणि मी अर्धा दिवस तेच बघत बसलो.

तिथे मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगत गोल गोल वळवून टोपली करतात आणि घड टोपलीच्या आत. वाऱ्याने वरचं सगळं झोडपलं तरी घड सुरक्षित. पाऊस नसल्यात जमा, रात्रीचा समुद्री दमटपणा त्या प्यूमिसच्या मातीत मुरतो, त्यावर झाड जगतं. आणि वेली स्वतःच्या मुळांवर! आम्ही डॉगरिज खुंट लावून त्यावर कलम करतो. युरोपातही एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने बागा साफ झाल्यावर सगळ्यांनी अमेरिकन खुंट धरले. सँटोरिनीच्या वाळूसारख्या ज्वालामुखी मातीत ती कीड तगलीच नाही. वाण असिर्तिको. तोडणी ऑगस्टातच उरकते, त्यामुळे ऑक्टोबरात जाणाऱ्यांना वेली दिसतील, द्राक्षं नाहीत. वाइन मात्र असेल. खिडकीची_सीट, जमलं तर टोपलीचा जवळून फोटो टाका, छाटणी कुठल्या डोळ्यावर घेतात ते दिसेल असा.

कोपऱ्यातला

वाचनखूण साठवली. व्हिसाचं कोणी काही लिहिलं नाही?

खारा_वारा

शेंगेन. शुल्क मोठ्यांना ९० युरो, वर केंद्राचा सेवा आकार. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, म्हणून आत्ताच लागा.

गाडी किंवा स्कूटर घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. क्वाड (चार चाकांची उघडी मोटरबाइक) मात्र घेऊ नका, त्या रस्त्यांवर ते धूड चालवणारे नवशिकेच जास्त असतात. बसेस बऱ्या आहेत, तिकीट बसमध्येच रोख देऊन. सगळ्या फिराला येऊन मिळतात, म्हणजे कामारीहून ओइयाला जायचं तरी फिराला बदलायची. ऑक्टोबर सरता सरता फेऱ्या कमी होतात. टॅक्सी मोजक्या.

मीठभाकर

बंद व्हायच्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही म्हणून परत येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे यंदा २५ तारखेला, विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक लागतं. युरोपातल्या शहरांतून थेट सँटोरिनीला येणारी विमानं बहुतेक थांबतात, उरतं ते अथेन्समार्गे. त्याच रात्री घड्याळ तासभर मागे जातं आणि सूर्य साडेपाचच्या आतच बुडतो. माणसं नाहीत म्हणून हॉटेलं बंद, हॉटेलं बंद म्हणून माणसं नाहीत. वेगवान बोटीही कमी होतात. वारा फिरला की कोस्टगार्ड बोटी थांबवतं, पिरेअसला बसा वाट बघत. खिडकीची_सीट, तुम्ही 'गर्दी नको' म्हणता तेव्हा ही बाजूही त्यात येते.

उन्हातली_पायवाट

हे मान्य. पण २० ते २५ ही फट त्यातच आहे की! फिरा, कामारी तोवर बऱ्यापैकी चालू असतं. पाणी २२ अंशांच्या आसपास, दिवसा हवाही तेवढीच. एखादी सर येऊ शकते. ग्रीक लोक सेंट दिमित्रिओसचा छोटा उन्हाळा म्हणतात, २६ ऑक्टोबरच्या आसपास येणारे ते उबदार दिवस. नशीब असेल तर मिळतात.

खारा_वारा

बोटीबद्दल. वाऱ्याच्या दिवसांत मोठी कन्व्हेन्शनल फेरी घ्या. पिरेअसहून आठेक तास लागतात, कॅटामरान ही वेगवान बोट पाचेक तासांत नेते, पण लाटांत तीच आधी रद्द होते आणि पोटही तीच ढवळते. सासूबाईंना मोठीच बरी, डेकवर बसता येतं आणि वाटेत पारोस-नाक्सोस बघून होतं (मीठभाकर खूश). उतरताना सगळ्यांना आधीच खाली गाड्यांच्या डेकवर बोलावतात. काळोख, डिझेलचा वास, ट्रकवाल्यांनी इंजिनं सुरू केलेली, आणि जहाज धक्क्याला लागतंय न लागतंय तोच मागचा रॅम्प साखळ्यांच्या खडखडाटात खाली. मग सगळे एकदम धावतात. तुम्ही धावू नका. सासूबाईंचा हात धरून कडेला थांबा, दोन मिनिटं उशिरा उतरलात तरी बोट लगेच निघत नाही आणि बसही भरल्याशिवाय हलत नाही.

आणि बेट आधी, अथेन्स शेवटी ठेवा. बोट रद्द झाली तर परतीचं विमान चुकायला नको.

इरसाल_नमुना

सासूबाईंना जपून उतरवा हे लिहिणारा जावई दिसतोय.

खिडकीची_सीट

कामाच्या धबडग्यात दोन दिवस इकडे फिरकले नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी आमची सहल करूनही टाकलीत.

घरी चर्चा झाली. दसरा २० ला घरी, त्याच रात्री निघायचं. अथेन्सला उतरून एक रात्र पिरेअसजवळ, २२ ला सकाळी मोठी बोट, कामारीत चार रात्री. आज्जी, सासूबाईंनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला आणि 'संडासाचं खरं का' एवढं विचारून जप रद्द केला. २६ ला विमानाने अथेन्स, जहाजांची यादी बघून ओइयाचा दिवस ठरवू. नवऱ्याला नाक्सोस हवं होतं, त्याला बोटीवरून दाखवू. द्राक्षबाग_नाशिक, फोटो नक्की.

एकच शंका: २६ ते २९ अथेन्स, त्यात २८ ला तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे म्हणे. सगळं बंद असेल का?

उन्हातली_पायवाट

२८ ऑक्टोबर, ओही दिवस. १९४० साली मुसोलिनीच्या इटलीने दिलेला निर्वाणीचा खलिता ग्रीसने धुडकावला त्याची आठवण. दुकानं बरीच बंद, शाळकरी मुलांची संचलनं असतात. सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वीय स्थळं मात्र उघडी, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत. भित्तिचित्रं तेव्हा बघून घ्या.

तिरकीटधा

मोफत? मग गर्दी असणार.

आज्जी_ऑनलाइन

तिरकीटधा, तुम्ही एकदा कुठेतरी जाऊन या बरं.

खिडकीची_सीट, अक्रोपोलिस मोफतच्या दिवशी नको, २७ लाच उरका. वर जायला लिफ्ट आहे, चालायला त्रास असलेल्यांसाठी. सासूबाईंच्या गुडघ्याचा डॉक्टरांचा कागद इंग्रजीत करून सोबत ठेवा.